घडीचा प्लेट कॅमेरा पहिल्यांदाच घ्यायचा आहे : तीन पर्यायांपैकी कोणता निवडावा?

प्रश्न : कृष्णाकाठ (सातारा)

नमस्कार मंडळी,

मी बऱ्याच काळापासून ३५ मिमी आणि १२० रोलवर कृष्णधवल छायाचित्रण करतो आणि फिल्म घरीच डेव्हलप करतो. आता मोठ्या निगेटिव्हकडे वळायचे मनात आहे. विषयही ठरलेला आहे : वाई, मेणवली आणि धोम या परिसरातील वाडे, घाट आणि मंदिरे. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा किंवा वाईतील ढोल्या गणपतीचे मंदिर नेहमीच्या कॅमेऱ्याने टिपायचे म्हटले की कॅमेरा वर कलवावा लागतो आणि मग भिंतीच्या उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. ज्या कॅमेऱ्यात भिंग वर सरकवता येते आणि धूसर काचेवर चित्र पाहून जुळवता येते, असा कॅमेरा मला हवा आहे. मोठा लाकडी स्टुडिओ कॅमेरा घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरणे मला जमणार नाही, म्हणून १९२० आणि १९३० च्या दशकांतील, घडी करून पिशवीत मावणाऱ्या प्लेट कॅमेऱ्यांकडे (फिल्मऐवजी काचेच्या प्लेटसाठी बनवलेल्या कॅमेऱ्यांकडे) लक्ष गेले.

सध्या तीन कॅमेरे समोर आहेत. पहिला फोइग्टलँडर आव्हुस, ९×१२ सेंमी, १३५ मिमी एफ/४.५ स्कोपार भिंग आणि कॉम्पूर शटर असलेला. विक्रेता परदेशातील आहे. भाता (भिंग आणि फिल्म यांमधला घड्यांचा, लांबवता येणारा भाग) चांगला असल्याचे तो सांगतो आणि सोबत एक ‘फिल्म होल्डर’ (फिल्म किंवा प्लेट भरून कॅमेऱ्याच्या मागे सरकवायची चौकट) देतो आहे. दुसरा कोडॅक रेकोमार १८, ६.५×९ सेंमी, सोबत १२० रोलची पाठ (होल्डरऐवजी मागे बसवायची रोल फिल्मची डबी) आणि प्लेटचे तीन होल्डर, पण किंमत पहिल्यापेक्षा बरीच अधिक. तिसरा मुंबईत चोरबाजारात पाहिलेला थॉर्नटन-पिकार्डचा क्वार्टर प्लेट (सव्वातीन गुणिले सव्वाचार इंच) कॅमेरा, पुस्तकासारख्या उघडणाऱ्या लाकडी होल्डरांसह. तो हातात घेऊन पाहता येतो आणि सर्वांत स्वस्तही आहे.

पहिल्या कॅमेऱ्याचे भिंग मला सर्वांत भावले. परंतु नवख्या माणसाने भिंगावरून निवड करावी की आणखी कशावरून, हे मला नीट उमगलेले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

उत्तर १ : लालदिवा (पुणे)

आपण विषय आधी ठरवला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. घडीच्या प्लेट कॅमेऱ्यात भिंग ही सर्वांत शेवटी पाहण्याची गोष्ट आहे. आधी पाहायचे ते होल्डर. त्या काळातील जवळपास प्रत्येक नामांकित जर्मन कॅमेऱ्यावरचे एफ/४.५ भिंग एफ/११ किंवा एफ/१६ वर (म्हणजे छिद्र लहान केल्यावर) आपल्याला हवे तेवढे तपशील देते, परंतु योग्य होल्डर नसेल तर तोच कॅमेरा केवळ शोभेची वस्तू होऊन बसतो.

कारण असे की, आजच्या ४×५ इंच कॅमेऱ्यांच्या होल्डरांना जसे एक सर्वमान्य माप आहे, तसे त्या काळी नव्हते. ९×१२ हा प्लेटचा आकार सर्वांचा एक असला तरी होल्डर ज्या खाचेत सरकतो तिची रुंदी, तिच्या कडेची जाडी आणि होल्डर अडवणारी खिट्टी ही प्रत्येक कारखान्याची वेगळी होती. फोइग्टलँडरची घडण स्वतःची होती आणि दुसऱ्या कारखान्याचा होल्डर त्यात बसेलच असे धरून चालता येत नाही. अर्धा मिलिमीटर सैल बसलेला होल्डर प्रकाश आत सोडतो आणि अर्धा मिलिमीटर जाड होल्डर आत जातच नाही. म्हणून ‘कॅमेरा आज घेऊ, होल्डर नंतर शोधू’ हा विचार नवख्याने मुळीच करू नये.

आता आव्हुससोबत मिळणाऱ्या त्या ‘फिल्म होल्डर’बद्दल. विक्रेत्याकडून त्याची मागची बाजू उघडलेल्या स्थितीतील छायाचित्र अवश्य मागवा. ती वस्तू खोलगट डबीसारखी असेल, मागे बिजागरीचे किंवा सरकणारे झाकण असेल आणि एका टोकाला कागदाच्या पट्ट्या बाहेर ओढण्यासाठी फट असेल, तर तो फिल्मपॅक ॲडॅप्टर आहे. फिल्मपॅक म्हणजे एकापाठोपाठ एक ओढून वापरायच्या पातळ फिल्मचा गठ्ठा. त्याचे उत्पादन केव्हाच बंद झाले आहे आणि त्या ॲडॅप्टरचा आज तुम्हाला काहीही उपयोग नाही. विक्रेते हे फसवण्यासाठी करतात असे नव्हे, त्यांनाही फरक ठाऊक नसतो. खरा प्लेट होल्डर पातळ, बहुधा पत्र्याचा, एकाच प्लेटसाठी असतो आणि त्याच्या पुढच्या बाजूची डार्क स्लाइड (प्रकाश अडवणारी सरकती पाटी) वर ओढून काढता येते.

होल्डर मिळाले तरी अर्धेच काम झाले. ते काचेच्या प्लेटसाठी घडवलेले आहेत आणि काच साधारण सव्वा ते दीड मिलिमीटर जाड असते, तर आजची शीट फिल्म जेमतेम ०.२ मिलिमीटर. फिल्म तशीच टाकली तर ती आत सैल राहते आणि फुगते. त्यासाठी प्रत्येक होल्डरमध्ये फिल्म शीथ लागते : तीन कडा आत दुमडलेला पातळ काळा पत्रा, ज्यात फिल्म सरकवायची आणि मग तो पत्रा प्लेटच्या जागी बसवायचा. शीथ होल्डरच्या पोटात लपलेल्या असतात, त्यामुळे विक्रेत्याला त्या आहेत की नाहीत हे पुष्कळदा माहीतच नसते. डार्क स्लाइड काढून आतले छायाचित्र पाठवायला सांगा. आत पत्र्याच्या दुमडलेल्या कडा दिसल्या तर शीथ आहे. नसल्या तर त्या वेगळ्या मिळवाव्या लागतील आणि एकेक शीथ होल्डरच्या बरोबरीच्या किमतीत विकली जाते.

फिल्मविषयी चिंता नसावी. चेक प्रजासत्ताकातील फोमा कंपनी तिची फोमापॅन १०० ही फिल्म ६.५×९ आणि ९×१२ या दोन्ही आकारांत बनवते. ती भारतात सहज मिळाली नाही, तर ४×५ इंचाची शीट अंधारात कापून ९×१२ करता येते, कारण ४×५ इंच म्हणजे सुमारे १०२×१२७ मिमी, दोन्ही बाजूंनी मोठी. कापताना लांबी आणि रुंदी दोन्हींत एक-दोन मिलिमीटर कमी ठेवा, नाहीतर शीथमध्ये फिल्म अडकते. कटरवर लाकडी पट्टीचा अडथळा पक्का केला की अंधारातही माप चुकत नाही. कापल्यावर फिल्मची मूळ खूणखाच बहुधा निघून जाते, म्हणून इमल्शनची (प्रकाशाला संवेदनशील थराची) बाजू कोणती हे लक्षात राहण्यासाठी एका ठरलेल्या कोपऱ्याला बारीकशी कात्री लावावी.

माझे मत सांगतो. आपल्या तीन पर्यायांपैकी रेकोमार १८ हा एकटाच पहिल्या दिवसापासून वापरता येण्याजोगा संच आहे. त्यात दुप्पट लांबीचा भाता आहे, भिंग वर आणि बाजूला सरकते, धूसर काच आहे आणि १२० रोलची पाठ असल्याने शीट फिल्मची सवय होईपर्यंत काम अडत नाही. परंतु आपल्याकडे १२० चा कॅमेरा आधीच आहे आणि मोठी निगेटिव्ह हा मूळ हेतू आहे. ३५ मिमीच्या चौकटीचे क्षेत्रफळ ८.६४ चौरस सेंमी, ६.५×९ चे ५८.५ आणि ९×१२ चे १०८. ९×१२ च्या निगेटिव्हची एनलार्जरशिवाय थेट संपर्क प्रतही (निगेटिव्ह फोटोकागदावर टेकवून काढलेली, तिच्याच आकाराची प्रत) हातात धरून पाहण्याजोगी होते. ६.५×९ ची संपर्क प्रत मला नेहमी अपुरी वाटते. तेव्हा घाई नसेल तर ९×१२ चा पूर्ण संच, म्हणजे कॅमेरा, धूसर काच, किमान तीन-चार होल्डर आणि तितक्याच शीथ, मिळेपर्यंत थांबा. घाई असेल तर रेकोमार घ्या. आव्हुस मात्र होल्डरांची खात्री झाल्याशिवाय घेऊ नका.

---

उत्तर २ : नेकारतीर (श्टुटगार्ट)

‘लालदिवा’ यांच्या होल्डरविषयीच्या म्हणण्याशी पूर्ण सहमत. मी इथे जर्मनीत नोकरीनिमित्त राहतो आणि शनिवारच्या जुन्या बाजारांत हे कॅमेरे सतत पाहतो, म्हणून कारखाने आणि भिंगांविषयी थोडे लिहितो.

रेकोमार कोडॅकचा म्हणवला जात असला तरी तो याच शहरात बनत असे. आउगुस्ट नागेल यांचा श्टुटगार्टमधील कारखाना १९३२ मध्ये कोडॅकने विकत घेतला आणि रेकोमार तिथून बाहेर पडला. १८ म्हणजे ६.५×९ आणि ३३ म्हणजे ९×१२. बांधणी अतिशय विश्वासार्ह आहे. ड्रेस्डेनमधील त्साइस इकॉनचा मॅक्सिमार हा त्याचा तुल्यबळ प्रतिस्पर्धी. इका, अर्नेमान, गोर्त्झ आणि कॉन्टेसा-नेटेल या चार कारखान्यांच्या विलीनीकरणातून त्साइस इकॉन १९२६ मध्ये उभी राहिली, त्यामुळे एखाद्या कॅमेऱ्यावर ‘त्साइस इकॉन’ असे कोरलेले असेल तर तो १९२६ नंतरचा आणि फक्त ‘इका’ असेल तर त्याआधीचा, एवढा अंदाज लगेच बांधता येतो. फोइग्टलँडरचा बेर्गहाइल हा आव्हुसपेक्षा वरच्या दर्जाचा : दुप्पट भाता आणि काढून बदलता येणारे भिंग. मात्र संग्राहक त्याच्या मागे असतात आणि हिरव्या चामड्याच्या छोट्या बेर्गहाइलची किंमत नवख्याने देण्यासारखी नाही. केडब्ल्यू कंपनीचा पातेन्त-एत्वी घडी केल्यावर आश्चर्य वाटावे इतका पातळ होतो. डोंगरात हिंडणाऱ्यांसाठी तो उत्तम आहे, परंतु त्याचे होल्डर त्याच्यासोबतच आले तर घ्यावा.

भिंगांबद्दल. टेसार ही भिंगाची १९०२ ची रचना : चार काचा, तीन गट. स्कोपार त्याच जातीचे आहे. हेलियार पाच काचांचे आहे आणि त्याची ख्याती व्यक्तिचित्रांसाठी. वाड्याच्या भिंतीवर एफ/१६ ने काम करताना हेलियार आणि टेसार यांतला फरक आपल्याला दिसणार नाही. गोर्त्झचे डागोर मिळाले तर मात्र थोडे जास्त पैसे देणे योग्य ठरेल, कारण त्याच्या सहा काचा दोनच गटांत चिकटवलेल्या असल्याने हवा आणि काच यांच्या सीमा चारच होतात. टेसारमध्ये त्या सहा असतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या या भिंगांवर परावर्तनरोधक लेप नसतो, प्रत्येक सीमेवर सुमारे चार ते पाच टक्के प्रकाश परत फिरतो आणि त्यातला काही आतल्या आत भटकून सावल्या फिकट करतो. कृष्णधवल कामात ही उणीव डेव्हलपिंगमध्ये भरून काढता येते, परंतु भिंगावर सूर्यप्रकाश थेट पडू देऊ नये. उजव्या हातातील टोपीची सावली भिंगावर धरण्याची जुनी पद्धत आजही उत्तम आहे. डागोरचा आणखी एक गुण म्हणजे पुढचा गट काढून नुसत्या मागच्या गटाने दुप्पटीच्या जवळपास नाभीय अंतर मिळते. त्यासाठी दुप्पट भाता हवाच.

दुप्पट भात्यावर मी आग्रह धरेन. वाड्यातील कोरीव काम, महिरपींची नक्षी, देवळाच्या दरवाजावरची गणेशपट्टी हे सर्व जवळून टिपायचे तर भाता लांबवावा लागतो. १३५ मिमी भिंगाने वस्तू तिच्या मूळ आकाराइतकी टिपायची असेल तर भिंग आणि फिल्म यांत २७० मिमी अंतर लागते आणि प्रकाश चौपट कमी पडतो, म्हणजे चौपट वेळ द्यावा लागतो. साध्या भात्याचा कॅमेरा त्याच्या फार अलीकडेच थांबतो.

भिंग सरकवण्याविषयी एक बारीक गोष्ट. हे कॅमेरे उभ्या चौकटीत धरले असता भिंग वर जाते. आडव्या चौकटीसाठी कॅमेरा कुशीवर ठेवला की वर जाणारी हालचाल बाजूची होते आणि बाजूची हालचाल वरची. आपल्याला आडव्या चौकटीतही शिखर उंचावायचे असेल तर दोन्ही हालचाली असलेलाच कॅमेरा घ्या. स्वस्त प्रकारांत बाजूची हालचाल नसते. ९×१२ चा कर्ण बरोबर १५० मिमी आहे आणि १३५ मिमीचे टेसार जातीचे भिंग त्याहून फार मोठे वर्तुळ रंगवत नाही. म्हणून भिंग एक सेंटिमीटरभर वर नेल्यावर धूसर काचेचे कोपरे पाहा आणि ते काळवंडले असतील तर एफ/१६ किंवा एफ/२२ पर्यंत छिद्र लहान करा.

जर्मन भिंगांवरचे आकडे पाहून बिचकू नका. ४.५, ६.३, ९, १२.५, १८, २५, ३६ अशी ती मालिका असते आणि आजच्या मालिकेप्रमाणेच प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो, फक्त सुरुवातीचा आकडा वेगळा धरलेला आहे. जुन्या अमेरिकी किंवा इंग्लिश भिंगांवर मात्र ४, ८, १६, ३२ अशी ‘यू. एस.’ पद्धतीची मोजणी आढळली तर सावध व्हा. तिथे ४ म्हणजे एफ/८ आणि ८ म्हणजे एफ/११ असतो. फक्त १६ हा दोन्ही पद्धतींत एकच.

---

उत्तर ३ : खाडीकिनारा (रत्नागिरी)

वरील दोघांचा अनुभव दांडगा आहे, तरीही तिसऱ्या पर्यायाची बाजू मांडावीशी वाटते. परदेशातून मागवलेली वस्तू वाहतूक आणि सीमाशुल्क धरून महाग पडते, परत पाठवणे अशक्यप्राय असते आणि छायाचित्रांवरून भात्याची भोके दिसत नाहीत. मुंबईतला कॅमेरा हातात घेऊन, डोळ्याला लावून, खडखडवून पाहता येतो. नवख्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

पाहताना पुढील क्रम ठेवा. भाता पूर्ण ओढा, आत मोबाइलचा विजेरी दिवा ठेवा, मागची बाजू काळ्या कापडाने झाका आणि अंधाऱ्या खोलीत बाहेरून पाहा. प्रकाशाचे ठिपके जवळपास नेहमी घड्यांच्या कोपऱ्यांवर दिसतात. पाच-सहा ठिपके असतील तर काळ्या लवचीक रंगाने बुजवता येतात. सगळेच कोपरे चमकत असतील तर नवा भाता लागेल आणि तो खर्च कॅमेऱ्याच्या किमतीहून जास्त जाऊ शकतो. त्यानंतर भिंग उजेडासमोर तिरके धरा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. आपल्या किनाऱ्यावर हा सर्वांत मोठा शत्रू आहे. कडेला थोडी असेल आणि काच वेगळी होत असेल तर स्वच्छ होते, परंतु चिकटवलेल्या काचांच्या मध्ये इंद्रधनुषी डाग किंवा पाने पसरल्यासारखी आकृती दिसली तर डिंक सुटला आहे, आणि ते काम घरी होत नाही. कोणताही कॅमेरा घेतलात तरी पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत ठेवू नका. सिलिका जेल टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि अधूनमधून उजेडात उघडा.

कॉम्पूर शटरमध्ये तेल कधीही घालू नये. मंद वेग अडखळत असतील तर जुने वंगण घट्ट झाले आहे. स्वच्छता हाच उपाय, आणि ती जाणत्या कारागिराकडून करवून घ्यावी. मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींचे मंदगती चित्रण करून शटर किती चौकटी उघडे राहते ते मोजा. १/२५ ला साधारण नऊ-दहा चौकटी यायला हव्यात. कंपाउंड नावाचे शटर दिसले तर त्यातील छोट्या नळीत हवा दाबून वेग ठरतो. तिथेही तेल नको. थॉर्नटन-पिकार्डच्या बऱ्याच कॅमेऱ्यांवर कापडी पडद्याचे शटर असते, त्याचे वेग १/१५ ते १/९० एवढेच. परंतु वाडा हलत नाही आणि एफ/१६ वर १/१५ हा वेग संध्याकाळच्या उजेडात पुरेसा आहे. कापडाला भोके नसावीत एवढेच पाहावे.

क्वार्टर प्लेटची फिल्म बाजारात सहज मिळत नाही हे खरे. त्यावर माझा उपाय एक्स-रे फिल्मचा. वैद्यकीय पुरवठादारांकडे ८×१० इंचाच्या शीट स्वस्त मिळतात आणि एका शीटमधून सव्वातीन गुणिले सव्वाचार इंचाचे चार तुकडे नीट निघतात. ९×१२ चेही चारच निघतात, म्हणजे हा उपाय आव्हुस किंवा रेकोमार ३३ लाही लागू आहे. बहुतेक एक्स-रे फिल्म तांबड्या उजेडाला संवेदनशील नसते, त्यामुळे तांबड्या सेफलाइटखाली डोळ्यांनी पाहत कापता आणि डेव्हलप करता येते. नवख्याला यातून जे शिकायला मिळते ते पूर्ण अंधारात मिळत नाही. दोन गोष्टी सांभाळाव्यात : इमल्शन बहुधा दोन्ही बाजूंना असते आणि ओले असताना नखानेही ओरखडते, म्हणून ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवावी आणि एका वेळी एकच तुकडा टाकावा. शिवाय कॉन्ट्रास्ट फार चढतो, म्हणून डेव्हलपर पातळ करून वापरावा. संवेदनशीलता (आयएसओ) ५० ते १०० च्या दरम्यान धरून चाचणी करा. जांभ्या दगडाच्या भिंती आणि लाल कौले मात्र यात अपेक्षेपेक्षा काळी येतात. वाईचे मंदिर काळ्या पाषाणाचे आणि घाट राखाडी असल्याने आपल्याला त्याचा त्रास कमी होईल.

याहून स्वस्त चाचणी हवी असेल तर छपाईचा फोटोकागद कापून होल्डरमध्ये घाला. त्याची संवेदनशीलता साधारण ६ धरा. उन्हात, एफ/१६ वर सुमारे १/६ सेकंद पुरेल. कॅमेऱ्यात प्रकाश कुठून शिरतो हे पहिल्याच कागदावर कळेल.

---

पुन्हा प्रश्न : कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आव्हुसच्या विक्रेत्याने छायाचित्र पाठवले : मागे बिजागरी आहे आणि टोकाला फट आहे, म्हणजे तो फिल्मपॅक ॲडॅप्टरच. त्यामुळे तो पर्याय बाजूला ठेवला. मात्र रेकोमारच्याच विक्रेत्याकडे रेकोमार ३३ देखील आहे, चार होल्डर आणि शीथसह. किंमत १८ पेक्षा थोडीच जास्त आहे, पण रोलची पाठ नाही. तो घ्यावा असे वाटते. एकच शंका उरते. धूसर काचेवर जुळवलेले चित्र फिल्मवरही तेवढेच स्पष्ट येईल, याची खात्री घरच्या घरी कशी करावी? शिवाय वाड्याच्या आतील दालनांत वेळ किती द्यावा लागेल?

---

उत्तर : लालदिवा

रेकोमार ३३ चार होल्डर आणि शीथसह मिळत असेल तर घ्याच. रोलची पाठ नसल्याचे वाईट वाटून घेऊ नका. ती असती तर शीट फिल्म बाजूला पडली असती.

खात्री करण्याची पद्धत सोपी आहे. धूसर काचेची खरखरीत बाजू भिंगाकडे आहे ना, हे आधी पाहा. कुणीतरी काच बदलताना ती उलटी बसवली असेल तर काचेच्या जाडीइतका फरक पडतो. मग शीथमध्ये निकामी फिल्म भरून होल्डर कॅमेऱ्यात बसवा, डार्क स्लाइड काढा, भिंगाचा फलक पुढे काढून आत हात जाईल अशी जागा करा आणि भात्याच्या मागच्या चौकटीपासून फिल्मपर्यंतची खोली खोलीमापकाने मोजा. खोलीमापक नसेल तर व्हर्नियर कॅलिपरची मागची दांडी चालते. नंतर होल्डर काढून धूसर काच लावा आणि तेच अंतर मोजा. शीथची दुमडलेली कड फिल्मला अगदी थोडे मागे ढकलते, म्हणून किंचित फरक येणारच. तो किती चालतो याचा हिशेब करता येतो. ९×१२ साठी ०.१ मिमीचा अस्पष्ट ठिपका आपण मान्य केला, तर एफ/४.५ वर पुढे-मागे ०.४५ मिमी आणि एफ/१६ वर १.६ मिमी इतकी चूक लपते. म्हणजे एफ/१६ वर काम करणाराला शीथच्या कडेची काळजी नको. मात्र पूर्ण उघड्या भिंगाने व्यक्तिचित्र काढायचे असेल तर हे मोजमाप अवश्य करावे.

चारही होल्डर वेगवेगळे मोजा आणि प्रत्येकाच्या कडेला बारीक क्रमांक कोरून ठेवा. पुढे कधी एखाद्या निगेटिव्हवर पट्टी किंवा धूसरपणा आला तर दोषी होल्डर लगेच सापडतो. डार्क स्लाइडच्या फटीतील मखमल झडली असेल तर तीच पट्टी प्रकाश आत सोडते. नवी काळी मखमल कापून चिकटवली की होल्डर पुन्हा कामाचा होतो.

आतील दालनांसाठी मोबाइलचे लाइटमीटर चालेल, परंतु फोमापॅन १०० ची एक सवय लक्षात ठेवा. मीटरने १ सेकंद दाखवला तर २ द्यावे लागतात, १० सेकंद दाखवले तर ८० आणि १०० सेकंद दाखवले तर १६००. हे प्रमाण कंपनीनेच दिलेले आहे. त्यामुळे मेणवलीच्या वाड्यातील भित्तिचित्रांच्या दालनात एफ/२२ चा हट्ट धरू नका. एफ/११ वर राहा, नाहीतर एकेका चित्राला अर्धा तास लागेल. तिपाईला जोडताना पाहा की जुन्या युरोपीय कॅमेऱ्यांचे छिद्र ३/८ इंचाचे असते आणि आजच्या तिपाईचा स्क्रू बहुधा १/४ इंचाचा. मध्ये बसणारी पितळी बुश कॅमेऱ्याच्या दुकानात मिळते. ती कॅमेरा येण्यापूर्वीच आणून ठेवा आणि दोन आणा, कारण रेकोमारला आडव्या चौकटीसाठी दुसरे छिद्र कुशीवर आहे.